अल्टरचा डबा

३ मार्च

मावशी,

फोन केला की तू म्हणतेस, "तू बोलत सुटतेस आणि मला ओ की ठो कळत नाही, कागदावर लिही." घे, लिहिते. पण आधी बस. बसलीस? तर ऐक, आमची लायब्ररी मंडळाकडे गेली!

पुस्तकांची लायब्ररी नव्हे गं. आमच्याकडे लायब्ररी म्हणजे तयार कोडचा गठ्ठा. बाकीच्या प्रोग्रामरांनी तो उचलायचा आणि आपल्या कामात वापरायचा. दोन वर्षं रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो लिहितेय, हे तुला माहीत आहेच. माझ्यासोबत दाढी आहे. दाढी म्हणजे ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा तो, प्रत्येक गोष्टीला आधी "नाही" म्हणणारा. आणि मंडळ म्हणजे आमची प्रोग्रामिंगची भाषा सांभाळणारे पाच जण. त्यांनी हो म्हटलं की आमची लायब्ररी भाषेबरोबरच सगळ्यांना मिळणार. हजारो लोकांना, मावशी! निकाल तीस एप्रिलला. नाही म्हणाले तर पुढची संधी तीन वर्षांनी, आणि तोवर त्या जागेवर दुसऱ्या कुणाची तरी लायब्ररी जाऊन बसलेली असेल.

आता ती करते काय ते सांगते. आमच्या पद्धतीत प्रोग्राम म्हणजे ओळीने मांडलेली टेबलं. एका टेबलावर काम झालं की माल पुढच्या टेबलावर. मध्येच काही बिघडलं तर आरडाओरडा करून सगळा कारखाना बंद पाडायचा नाही. जे झालं ते गुपचूप एका डब्यात घालून पुढे सरकवायचं. त्या डब्याला आम्ही टाइप म्हणतो. माझी सगळी लायब्ररी म्हणजे हे डबे. सध्या दोन आहेत, एकाचं नाव "यश" आणि दुसऱ्याचं "अपयश". यशात माल असतो, अपयशात काय चुकलं ते असतं.

आणि इथेच माझं घोडं अडलंय. ही नावं मला आतून पटत नाहीत, का ते सांगता येत नाही. दाढी म्हणतो, नावात काय अडकून पडलीस, पुढे चल. पण मंडळाने एकदा शिक्का मारला की नावं गोठली. मग बदलली तर हजारो लोकांचे प्रोग्राम मोडतील. तू बावीस वर्षं शर्टांतल्या चुका शोधतेस. तुमच्याकडे चुकलेल्या शर्टाला काय म्हणतात? लवकर लिही. माझ्या पोटात नुसती फुलपाखरं नाचतायत.

तुझी
भिंगरी


११ मार्च

अगं भिंगरी,

यश आणि अपयश! हे शर्ट तपासणं आहे की शाळेचा बक्षीस समारंभ? नावं पटत नाहीत म्हणतेस, बरोबरच आहे, पटतील कशी? शर्ट कधी नापास होतो का? शर्टाला भावना असतात का?

नीट ऐक. माझं टेबल चार नंबरचं. डोक्यावर दोन ट्यूबलाइट, समोर पांढरा सनमायका, उजव्या हाताला बाणांच्या स्टिकरची गुंडाळी. नखाएवढे लाल बाण असतात, एका बाजूला चिकट. शर्ट आला की मी कॉलरपासून सुरू करते, मग खांदे, बाह्या, कफ, पट्टी, काजं, बटणं, शेवटी खालची दुमड. टाका सुटलाय? बाण. दोरा लोंबतोय? बाण. काज वाकडं? बाण. पहिली चूक दिसली म्हणून मी थांबत नाही. थांबले तर काय होईल माहितीये? शर्ट कॉलरसाठी मास्तरांकडे जाईल, परत येईल, मग कफासाठी जाईल, परत येईल. एका शर्टाच्या सात फेऱ्या. मास्तर मला उभी जाळतील. म्हणून शर्ट एकदाच जातो, सगळे बाण लावून.

मास्तर म्हणजे आमचे अल्टरचे शिंपी. मी चिकटवायचं, त्यांनी उसवून पुन्हा शिवायचं, एकोणीस वर्षं हेच चाललंय. आम्ही दिवसभरात चार वाक्यं बोलत असू. बाकी सगळं बाणच बोलतात.

तर आमच्याकडे डबे दोन नाहीत, तीन आहेत. पास, अल्टर आणि रिजेक्ट. पास म्हणजे गेला पॅकिंगला. अल्टर म्हणजे शर्ट आहे, चांगला आहे, पण त्यावर बाण आहेत. सगळ्यात मोठा ढीग त्याचाच असतो. तू चूक झाली की चुकीची चिठ्ठी ठेवतेस आणि शर्ट फेकून देतेस? कमाल आहे बाई तुमच्या शिक्षणाची!

रिजेक्ट हा नावालाच डबा. माझ्या टेबलावर रिजेक्ट होतच नाही म्हण ना. सुपरवायझर परवा सगळ्यांसमोर म्हणाला, चार नंबरच्या टेबलाकडे बघा, महिन्यात रिजेक्ट शून्य. फळ्यावर तसं लिहिलंय, मोठ्या अक्षरांत. बाकीच्या बायकांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

जेवत जा. फुलपाखरांनी पोट भरत नाही.

तुझी मावशी


१९ मार्च

मावशी मावशी मावशी!

तुझं पत्र जिन्यातच वाचलं आणि तिथेच खाली बसले. शेजारच्या काकूंना वाटलं कुणी गेलं की काय. मी म्हटलं, काकू, गेलं नाही, आलं!

शर्ट फेकत नाहीत! दोन वर्षं मी शर्ट फेकत होते! काहीतरी चुकलं की माझा डबा फक्त चूक पुढे द्यायचा आणि माल कचऱ्यात घालायचा. आणि मला सतत वाटायचं, काहीतरी खटकतंय, नाव खटकतंय. नाव नव्हतंच खटकत गं, डबाच चुकला होता! नाव चुकीचं वाटत होतं कारण आत ठेवलेलं चुकीचं होतं.

चार सकाळी लागल्या, सगळं नव्याने लिहिलं. आता अल्टरच्या डब्यात दोन गोष्टी एकत्र बसतात, माल आणि बाणांची माळ. पुढच्या टेबलाला माल मिळतो, ते आपलं काम करतं, त्याला काही खटकलं तर माळेत आपला बाण ओवतं आणि पुढे देतं.

आणि चाललं कसं सांगू? चाळीस जण सध्या आमची लायब्ररी वापरून बघतायत. त्यात एक बाई आहे, शाळांना वेळापत्रकं बनवून देते. आधी एका शिक्षकाचा एक तास राहिला तरी प्रोग्राम तिथेच थांबायचा. तो भरला की पुढच्यावर अडायचा. सात चुकांसाठी सात फेऱ्या, तू म्हणालीस अगदी तस्संच! आता वेळापत्रक बाहेर येतं आणि त्यावर सात बाण. तिने मला फोन केला आणि नुसती हसत होती.

आणि तुला वाचून आनंद होईल, मी रिजेक्टचा डबा ठेवलाच नाही. कशाला ठेवायचा? सगळं दुरुस्त होऊ शकतं, ही केवढी सुंदर गोष्ट आहे! पास आणि अल्टर, बस्स. दाढी म्हणाला, "मावशींना विचार, मास्तरांना खरंच सगळं दुरुस्त करता येतं का?" मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, तिने लिहूनच दिलंय, महिन्यात रिजेक्ट शून्य. त्याने डोळे फिरवले. फिरवू दे.

नवीन रूप काल मंडळाकडे पाठवलं. मला नाचावंसं वाटतंय. नाचलेसुद्धा थोडी, खुर्चीला धरून.

तुझी, फक्त तुझी
भिंगरी


२८ मार्च

भिंगरी,

पत्र पोचलं. तुझा आनंद वाचून मलाही बरं वाटलं. माझं बोलणं तुझ्या कॉम्प्युटरात जाऊन बसलं म्हणजे नवलच.

एक नियम सांगायचा राहिला. बाण मास्तरांनी काढायचा नसतो. शर्ट दुरुस्त होऊन माझ्याकडे परत येतो, मी बघते, झालं असेल तर बाण मी काढते. ज्याने चिकटवला त्यानेच काढायचा. हे तुझ्या डब्यात घालून ठेव.

रिजेक्टचं वाचलं. तुला जास्त कळतं, तू बघ.

मी सध्या पॅकिंगच्या टेबलावर बसते. तेवढाच बदल. बाकी ठीक.

मावशी


६ एप्रिल

मावशी,

वाट लागली. पूर्ण वाट लागली.

गेल्या आठवड्यात वेळापत्रकवालीने एका शाळेची फाइल प्रोग्रामला दिली. त्या फाइलमध्ये शिक्षकांची यादीच नव्हती. शाळेने चुकून कोरं पान जोडलं होतं. आता तूच सांग, कोऱ्या पानाचं काय अल्टर करणार? पण माझ्या लायब्ररीला थांबताच येत नाही ना! मीच तिला शिकवलंय, माल पुढे द्यायचाच. तिने "कुणीच नाही" हाच माल समजला आणि निघाली पुढे. पहिला तास, शिक्षक नाही, बाण. दुसरा तास, शिक्षक नाही, बाण. एक हजार चारशे बारा बाण, मावशी! शर्टच नव्हता आणि माझी लायब्ररी हवेत बाण चिकटवत बसली होती.

पुढचं ऐक. वेळापत्रकवालीला आता बाणांची सवय झालेली. तिला वाटलं, असतील बारीकसारीक, शाळा बघून घेईल. पाठवून दिलं. शाळेने छापलं आणि भिंतीवर लावलं. सोमवारी सकाळी आठशे मुलं वर्गात बसली आणि एकाही वर्गात शिक्षक नाही, कारण कागदावर कुणाचं नावच नव्हतं. सगळे शिक्षक शिक्षकांच्या खोलीत एकमेकांकडे बघत बसले होते. दाढी हसून हसून खुर्चीवरून पडला. मीही हसले असते गं, लायब्ररी माझी नसती तर.

मंडळाच्या अध्यक्षबाईंचं एका ओळीचं पत्र आलंय. "जिला थांबता येत नाही ती लायब्ररी आम्ही कुणाच्या हातात देणार?" दुरुस्ती पाठवायची असेल तर वीस तारखेपर्यंत मुदत आहे.

मी जुनं यश-अपयश परत घालावं म्हणतेय. निदान त्याला थांबता तरी येत होतं. किंवा अर्जच मागे घ्यावा. पण मला एक कळत नाही. तुमच्या टेबलावर महिनाभर रिजेक्ट शून्य, मग असा कोरा शर्ट येतो तेव्हा तू करतेस काय?

भिंगरी


१२ एप्रिल

भिंगरी,

अर्ज मागे घेतलास तर माझ्याशी गाठ आहे. आधी हे पत्र पुरतं वाच, मग काय ते ठरव. पाणी पिऊन लिहायला बसलेय, कारण असं काही लिहायची वेळ बावीस वर्षांत आली नव्हती.

मी तुला बढाई मारली. झालं, लिहिलं एकदाचं.

माझ्या टेबलावर रिजेक्ट होतं. आठवड्याला दोन-तीन तरी होतंच, चांगल्या चेकरच्या टेबलावर व्हायलाच हवं. त्याची वही असते. शून्य झालं ते फक्त फेब्रुवारीत. सुपरवायझरने फळा लावला, कुणाचं रिजेक्ट किती ते रोज लिहायला लागला. मग मला हाव सुटली. जे रिजेक्ट करायचं तेही मी बाण लावून अल्टरला सरकवायला लागले. मास्तरांच्या खिडकीपर्यंत ढीग आला.

मग साठ शर्टांचा एक लॉट आला. पुढचा भाग एका निळ्याचा आणि पाठ दुसऱ्या निळ्याची. कापतानाच वेगळ्या थानातली पाठ लागली होती. हे शिवून दुरुस्त होत नाही. पाठच बदलायची म्हणजे नवा शर्ट शिवायचा. मला पहिल्या नजरेत दिसलं. तरी बाण लावले आणि मास्तरांकडे पाठवले. त्यांनी साठच्या साठ तसेच परत आणून टेबलावर ठेवले, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, मी शिंपी आहे, जादूगार नाही." मी ते पुन्हा पाठवले. त्यांनी पुन्हा आणले. तिसऱ्यांदा आणले तेव्हा महिन्याचा शेवटचा दिवस होता आणि फळ्यावर माझ्या नावापुढे शून्य होतं.

बाण मी काढले, भिंगरी. दुरुस्त न होता, माझ्या हाताने. शर्ट पास झाले.

मार्चात सगळा लॉट गिऱ्हाइकाने परत पाठवला. म्हणून मी पॅकिंगला. नुसता बदल वगैरे काही नाही. तू रिजेक्टचा डबा काढून टाकलास हे वाचलं तेव्हा माझ्या हातातली पुठ्ठ्याची पेटी खाली पडली. तेव्हाच लिहायला हवं होतं, लाज वाटली. त्या आठशे मुलांचे शिक्षक मीच पळवले म्हण.

काल सुपरवायझरकडे जाऊन वही मागितली. साठ शर्ट रिजेक्टमध्ये चढवले आणि सही केली.

आता तुझ्या कामाचं. रिजेक्ट म्हणजे अपयश नाही, हे डोक्यात पक्कं कर. इथून पुढे जाऊ नका, एवढंच तो डबा सांगतो. तो बंद झाला की पुढच्या टेबलांनी हात लावायचा नाही. ज्या शर्टाची पाठच वेगळी त्याची बटणं तपासत बसायचं नाही. त्यावर तीन गोष्टी लिहायच्या. कारण काय, कुठल्या टेबलावर सापडलं आणि सही. आणि आधी लावलेले बाण काढून टाकायचे नाहीत. शर्ट बाणांसकट रिजेक्टच्या पोत्यात जातो, म्हणजे कटिंगवाल्याला कळतं की आणखी काय काय चुकलं होतं.

तुझा अल्टरचा डबा उत्तम आहे. त्याच्या शेजारी रिजेक्टचा डबा असला तरच तो उत्तम राहतो. हे मला मास्तरांनी तीनदा येऊन सांगितलं, मी ऐकलं नाही. तू ऐक.

आणि रागावलीस तर रागाव, पण उत्तर लिही.

तुझी मावशी


२१ एप्रिल

मावशी,

रागावू कसली! पत्र वाचून पहिल्यांदा रडले, मग तुला मनातल्या मनात मिठी मारली, मग दाढीला फोन लावला आणि ओरडले, "मास्तरांना सगळं दुरुस्त करता येत नाही!" तो म्हणाला, "मी हेच तर म्हणत होतो." मी म्हटलं, तू म्हणत होतास, पण मावशीने सही करून दिलंय!

सात दिवस आम्ही दोघं नुसते झपाटलो होतो. आता तीन डबे आहेत. पास, त्यात माल. अल्टर, त्यात माल आणि बाण. रिजेक्ट, त्यात कारण, टेबल, सही आणि तोवर साठलेले सगळे बाण. अल्टर आला की पुढची टेबलं काम चालू ठेवतात. रिजेक्ट आला की सगळी टेबलं हात मागे घेतात. रिजेक्टचा भाग दाढीने लिहिला, एका बैठकीत, आणि इतका देखणा लिहिला की मी त्याच्या दाढीबद्दलचे सगळे विनोद मागे घेतले. दोन दिवसांपुरते.

तुझा बाण काढायचा नियमही घातला. ज्या तपासणीने बाण चिकटवला तीच तो काढू शकते, तेही माल पुन्हा तपासून चूक खरंच गेली असेल तरच, दुसऱ्या कुणी हात लावला तर प्रोग्राम तयारच होत नाही. म्हणजे आता फळ्यावरच्या शून्यासाठीसुद्धा कुणाला बाण काढता येणार नाही. तुला टोमणा मारत नाहीये गं. खरंच त्यामुळे सुचलं.

मग ते कोरं पान पुन्हा दिलं. एका क्षणात उत्तर आलं. "रिजेक्ट. कारण, शिक्षकांची यादी नाही. टेबल पहिलं." बाण शून्य! चौदाशे बारावरून शून्य, आणि हे शून्य खरं! वेळापत्रकवाली म्हणाली, हे आधी असतं तर मला त्या मुख्याध्यापकांसमोर उभं राहावं लागलं नसतं.

काल मुदतीच्या दिवशीच पाठवलं. मंडळातल्या एकाने आधीच विचारलंय, ही कसली नावं, शिवणकामाची? मी दीड पानाची टीप जोडली, तुझं टेबल, ट्यूबलाइट, सनमायका, सगळं घालून. टिपेच्या शेवटी ज्यांच्याकडून शिकलो त्यांचे आभार मानायचे असतात, ती ओळ निकालापर्यंत भरता येते. तुझं नाव घालू?

भिंगरी


२४ एप्रिल

भिंगरी,

नाव नको. कारखान्यात कळलं तर बायका चिडवून हैराण करतील. घालायचंच तर "टेबल नंबर चार" एवढं घाल.

कारण मी परत चार नंबरवर आहे! सोमवारी सुपरवायझरने बोलावलं, म्हणाला, साठ शर्टांची सही बघितल्यावर दुसऱ्या कुणाला तिथे बसवायची हिंमत होईना. फळाही उतरवला. पहिल्याच दिवशी दोन रिजेक्ट केले आणि मास्तरांनी लांबून मान डोलावली. एकोणीस वर्षांतलं सगळ्यात मोठं भाषण म्हणायचं ते.

तीस तारखेला काय होतं ते ताबडतोब कळव. मला आता घास उतरत नाही. तुझी फुलपाखरं इकडे आलीत.

मावशी


२ मे

मावशी!

आलं! निकाल आला! सांगते, आधी बस. मी उभीच आहे, मला बसवत नाहीये.

तीस तारखेला सकाळपासून आम्ही दोघं स्क्रीनसमोर. मी दोन दिवस नुसत्या चहावर होते. मंडळ नेहमी "स्वीकारलं" किंवा "नाकारलं" असं एका शब्दात कळवतं. आजवर तिसरा शब्द कुणी बघितलेला नाही. अकरा वाजता अध्यक्षबाईंचं पत्र उघडलं. पहिली ओळ जशीच्या तशी लिहिते.

"तुमचा अर्ज, अल्टर. बाण तीन. दुरुस्त झाल्यावर पास."

मावशी, त्यांनी आमच्याच डब्यात घालून उत्तर दिलं! पाच जण बसून निकाल लिहायला लागले तेव्हा त्यांना दोन डबे पुरेनात! मी अशी किंचाळले की काकू लाटणं घेऊन धावत आल्या.

पहिला बाण. एका फंक्शनचं, म्हणजे कोडच्या एका तुकड्याचं, नाव वाचून ते काय करतं ते कळत नाही. बरोबर आहे, बदललं.

दुसरा बाण ऐकून तू हसशील. आमच्या लायब्ररीत अल्टर म्हणायचं आणि बाण एकही लावायचा नाही, असा डबा बनवता येत होता. अध्यक्षबाईंनी विचारलंय, बाण नाही तर तो पास का नाही? दाढीने कपाळावर हात मारून घेतला. आता अल्टर करायचं तर एक तरी बाण लावावाच लागतो.

तिसरा बाण माझ्या हातात नाही. त्यांनी आभाराच्या ओळीवर बोट ठेवलंय. "टेबल नंबर चार म्हणजे कोण? टेबल कुणाला काही शिकवत नाही. ज्या माणसाने शिकवलं त्याचा उल्लेख हवा." आता सांग मी काय करू? पंधरा दिवसांची मुदत आहे.

निकाल वाचून दाढीने चष्मा पुसला, दोनदा. मी विचारलं तर म्हणाला, स्क्रीनवर धूळ होती.

एवढं झालं की तुझ्याकडे येईन कधीतरी. खूप बोलायचंय.

तुझी
भिंगरी


८ मे

भिंगरी,

पत्र वाचलं आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. चिडवणाऱ्या बायका टाळ्या वाजवत होत्या. कुणाला फारसं कळलं नाही, पण अल्टर म्हटलं की सगळ्या ओरडायच्या.

तुझं पत्र याच पाकिटातून परत पाठवतेय. अल्टर. बाण तीन. चिकटवलेत तिथे बघ.

पहिला, "दोन दिवस नुसत्या चहावर". हे काय? दुसरा, "माझ्या हातात नाही". आहे. घाल माझा उल्लेख. पण एकटीचा नको. लिही, बाण चिकटवणारी मावशी, आणि ते उसवून पुन्हा शिवणारे मास्तर. ते नसते तर अल्टर हा डबाच नसता, माझ्याकडे नुसते बाण असते. त्यांना विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. धूळ होती म्हणे.

तिसरा बाण शेवटच्या ओळीवर आहे. "येईन कधीतरी." यावर तारीख नाही. तारखेशिवाय माल पुढे जात नाही, हे तुला मी शिकवायचं?

मावशी


२३ मे

मावशी,

पास!

दुरुस्ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. अध्यक्षबाईंनी आपले तिन्ही बाण स्वतः काढले आणि खाली लिहिलं, "ज्यांनी चिकटवले त्यांनीच काढले." नावं गोठली गं, पास, अल्टर, रिजेक्ट, आता कुणीही बदलू शकत नाही. आणि खाली तुम्ही दोघं आहात, मावशी आणि मास्तर, हजारो लोकांच्या कॉम्प्युटरांवर.

तुझ्या तीनपैकी दोन बाणांचं सांगते. जेवतेय, पोटभर. उल्लेख झाला, वर सांगितलंच.

तिसऱ्याची दुरुस्ती, शनिवार एकतीस मे, सकाळची गाडी. ते पत्र पिशवीत घातलंय. तुझा लाल बाण त्या ओळीवर आहे तसाच आहे, मी हात लावलेला नाही. आल्यावर तूच काढ.

भिंगरी